चार घरांची रीत

(पाचोरा येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेवर ‘पर्यावरणपूरक जीवनशैली’ असा विषय छापला आहे. शब्द भारदस्त आहेत. पर्यावरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वितळणारे हिमनग येतात, ध्रुवावरचे अस्वल येते, परदेशातील मोठ्या परिषदा येतात. मी पत्रकारितेतला माणूस, त्यामुळे त्या परिषदांच्या बातम्या मीही वर्षानुवर्षे छापत आलो आहे. परंतु आज तेवढ्या लांब जाण्याचा माझा विचार नाही. आपण गिरणेच्या खोऱ्यात राहतो आणि हिवरा आपल्या गावातून वाहते. तेव्हा बोलणे तेथूनच सुरू करू.

गिरणा धरण आपल्या तालुक्यात नाही, जिल्ह्यातही नाही. ते नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यात आहे. १९६९ साली ते पूर्ण झाले. त्याच्या वर चणकापूर, हरणबारी, केळझर ही धरणे आहेत. ती भरल्यावर गिरणेची पाळी. त्यामुळे आपल्याकडे चांगला पाऊस होऊनही धरण रिकामे, असे घडू शकते आणि घडलेलेही आहे. मग ‘आवर्तन कधी सुटणार’ हा प्रश्न चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्यापासून खाली जळगावपर्यंत घराघरांत विचारला जातो. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच तालुक्याच्या डोंगराकडील गावांत एका रात्रीत असा पाऊस कोसळला की उभी पिके, गुरेढोरे आणि शेतातील मातीदेखील वाहून गेली. पाणी नाही म्हणूनही आपण रडतो, आणि पाणी आले म्हणूनही रडतो. अशा प्रदेशातील गृहस्थाने पाण्याशी कसे वागावे, हा माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा आहे.

आता एक प्रसंग आपल्यासमोर ठेवतो. तो कोणा एका घरचा नाही, तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरचा आहे. चार-पाच दिवसांनी नळ येतो. नळ येताच पहिले काम काय होते? पिंपातले, हंड्यातले उरलेले पाणी मोरीत ओतले जाते. का? तर ते ‘शिळे’ झाले! चार दिवस ज्या पाण्याची वाट पाहिली, ज्याच्यासाठी शेजाऱ्याशी दोन शब्द झाले, ते पाणी नवे पाणी दिसताच गटारात जाते. पाणी पोळीभाजीसारखे शिळे होत नाही. स्वच्छ भांड्यात, झाकून ठेवलेले पाणी चार दिवस उत्तम राहते. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडे करावे, हे खरेच. परंतु त्या दिवशीचे उरलेले पाणी कपड्यांना, फरशीला, अंगणातील झाडांना देता येते. एका घरातून पन्नास लिटर गेले असे धरले, तरी दोनशे घरांच्या वस्तीतून एका पाळीला दहा हजार लिटर, म्हणजे एक टँकर गटारात गेला. आणि तीच वस्ती मे महिन्यात टँकरसाठी नगरपालिकेवर मोर्चा नेते.

पाणी गाळण्याच्या विजेच्या यंत्रांचेही तसेच. आपल्या भागातले विंधन विहिरींचे पाणी क्षारयुक्त, म्हणून ‘आरओ’ घेतले जाते, त्याला माझा आक्षेप नाही. पण एक लिटर गोड पाण्यामागे हे यंत्र साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. त्या पाण्यात क्षार वाढलेले असतात, म्हणून ते रोज कुंड्यांना घालू नये. फरशी पुसण्यास आणि शौचालयास मात्र ते चालते. यंत्राच्या नळीखाली एक बादली ठेवायची, एवढेच काम. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसभरात पंधरा-वीस लिटर घालवतो. त्याला दहा रुपयांचा वायसर लागतो. छपराचा हिशेब तर अधिक डोळे उघडणारा आहे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सहाशे मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे पंचावन्न हजार लिटर पाणी पडते. पहिल्या सरी सोडून आणि वाया जाणारे वजा करून पंचेचाळीस हजार धरा. चार टँकर भरून उरतील एवढे पाणी दरवर्षी आपल्या डोक्यावर पडते आणि आपण ते पन्हळीतून रस्त्यावर सोडतो. ते गाळून विंधन विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात नेण्यास एकदाच खर्च येतो.

हे सर्व आपणास ठाऊक नाही काय? आहे. शाळेतील मुलेही या विषयांवर निबंध लिहितात. माझ्या मनात गेली काही वर्षे हाच प्रश्न घोळतो आहे, की माहीत असूनही होत का नाही? महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली. जुलै २०२२ मध्ये देशभर एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. आज आठवडे बाजारात जाऊन पाहावे. पिशवी मिळते की नाही, हे मी सांगण्याची आवश्यकता नाही. कायदा आहे, माहिती आहे, आणि घरोघरी सद्भावनाही आहे. तरी गाडे अडते कुठे?

या प्रश्नाचे उत्तर मला खानदेशातच मिळाले, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर, आणि नाशिक जिल्ह्यात मोसमवर, फड बागायतीची पद्धत होती; काही ठिकाणी तिचे अवशेष आजही आहेत. तीनशे वर्षांहून जुनी मानली जाणारी ही व्यवस्था आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे भाग. त्या प्रत्येक भागाला फड म्हणत. एका फडात एका वर्षी एकच पीक. या फडात ऊस तर त्या फडात हंगामी पीक, पुढच्या वर्षी पालट. माझ्या वावरात मला वाटेल ते पीक आणि वाटेल तेवढे पाणी, ही मुभा कोणालाच नव्हती, मग तो गावचा कितीही मोठा असामी असो. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचे नाही. नदीला पाणी कमी असले की भिजवायचे फडच कमी करत, म्हणजे टंचाईची झळ सगळ्यांना सारखी. पाटातील गाळ काढायला सगळ्यांनी यायचे. कोणी कोणाला ‘पाणी वाचवा’ असे सांगत नव्हते. ते सांगण्याची वेळच येत नव्हती, कारण पाणी जपून वापरणे हा कोणा एकाचा सद्गुण नव्हता, ती गावाची रीत होती.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले, आणि आपल्या परिवारातले आहे. साक्री तालुक्यातील बारीपाडा. गुजरातच्या सीमेजवळचा लहानसा वनवासी पाडा. १९९० च्या सुमारास तेथील डोंगर उघडेबोडके झाले होते, विहिरी आटत होत्या, बायकांना पाण्यासाठी वणवण करावी लागत होती. वनवासी कल्याण आश्रमाचे डॉ. आनंद फाटक यांच्या संपर्कातून आणि मार्गदर्शनातून गावातील एक शिकलेला तरुण, चैत्राम पवार, कामाला लागला. एम. कॉम. झालेला मुलगा, नोकरी करून शहरात राहू शकला असता. तो गावात राहिला. गावाने बसून ठरवले, की जंगलात कुऱ्हाड चालणार नाही आणि गुरे मोकाट चरणार नाहीत. जो मोडेल त्याला दंड. राखणीची पाळी घरोघर. त्यासोबत श्रमदानाने दगडी बांध, समतल चर. बघता बघता चारशे हेक्टरांहून अधिक जंगल पुन्हा उभे राहिले. पाणी इतके वाढले की शेजारच्या पाड्यांना ते देता आले. २००४ पासून तेथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. जंगल राखले म्हणून ताटात काय काय आले, हे तेथल्या भगिनी पाहुण्यांना रांधून दाखवतात. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्या सर्वांना आनंद झाला. तो रास्तच होता. मात्र त्या आनंदात एक गोष्ट निसटू नये. गावात लाकूड लागत नव्हते असे नाही. चूल सगळ्यांची होती. उद्या आपली चूल कशी पेटेल, ही अडचण प्रत्येक घराने सोसली आणि शेजाऱ्यानेही ती सोसली आहे हे पाहून सोसली.

फडकऱ्यांच्या आणि बारीपाड्याच्या अनुभवातून मला एवढे कळते, की एकट्याने धरलेली सवय फार दिवस टिकत नाही. पाहुणे आले, घाई झाली, आजारपण आले की ती सुटते. चार घरांनी मिळून धरलेली सवय मात्र रीत होते, आणि रीत मोडताना माणूस दहादा विचार करतो. आपण पर्यावरणाचा उपदेश आजवर एकेकट्या व्यक्तीला करत आलो, आणि तेथेच गाडे अडले. पाच-दहा घरांचा गट हा त्याचा खरा घटक. शताब्दीच्या निमित्ताने संघाने जे पंच परिवर्तनाचे विषय समाजापुढे ठेवले, त्यांत पर्यावरण आणि कुटुंब प्रबोधन शेजारी शेजारी आहेत, ते मला म्हणूनच अर्थपूर्ण वाटते.

येथे थोडे कडू बोलतो, क्षमा असावी. आपल्या बौद्धिकांतून आपण ऐकतो, की पाश्चात्त्यांचा भोगवाद निसर्गाचे शोषण करतो. आपली दृष्टी दोहनाची आहे, वासराचे सोडून उरलेले दूध काढण्याची. विचार थोर आहे. पण आपण नदीला माता म्हणतो आणि निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून हिवरेत टाकतो, त्याला काय म्हणावे? निर्माल्य एकवेळ कुजेल, पिशवीचे काय? आपण गोमातेचा जयजयकार करतो आणि उरलेले अन्न पिशवीत गाठ मारून उकिरड्यावर फेकतो. गाईला अन्नाचा वास येतो. तिला पिशवीची गाठ सोडता येत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते. ते प्लॅस्टिक तिच्या पोटात साचत जाते, रवंथ थांबते, पोट फुगते. पशुवैद्यांना अशा गाईंचे पोट उघडून किलो-किलोने प्लॅस्टिक काढावे लागते. ज्या घरी हे घडते त्या घरी गोग्रास काढला जातो की नाही, याला काही अर्थ उरत नाही. वटपौर्णिमेला वडाची फांदी तोडून घरी आणून पुजणे, दसऱ्याला आपट्याचे झाड ओरबाडून काढणे हेही त्यातलेच. वडाची पूजा वडापाशी जाऊन करावी. गावात वड उरला नसेल तर पाच मैत्रिणींनी मिळून एक लावावा, आणि तीन उन्हाळे त्याला पाणी घालावे. रोप लावतानाचे छायाचित्र वर्तमानपत्राला पाठवण्याची घाई करू नये. मी स्वतः ते छापत नाही. तीन वर्षांनंतरचे पाठवले तर आनंदाने छापीन.

कोणी म्हणेल, जगाचा धूर अमेरिकेने करायचा आणि बादली आम्ही ठेवायची का? प्रश्न योग्य आहे. अमेरिकेत दरडोई कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला साधारण चौदा टन, आपले सुमारे दोन टन. या अन्यायाविषयी आपल्या देशाने जगाच्या व्यासपीठावर बोलले पाहिजे आणि आपला देश तसे बोलतोही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी ‘लाइफ’ म्हणजे पर्यावरणासाठी जीवनशैली हा विचार मांडला, तो याच भूमिकेतून. पण गिरणेचे आवर्तन ग्लासगोत ठरत नाही. जळगाव-भुसावळचा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, न्याय कोणाच्या बाजूचा आहे हे पाहून कमी होणार नाही.

त्या उन्हाबद्दलही एक सांगावेसे वाटते. खानदेशचे ऊन ही आपल्या माता-भगिनींनी शतकानुशतके वापरलेली शक्ती आहे. पापड, कुरडया, वाळवलेल्या भाज्या, वर्षाची मिरची हे सारे त्याच उन्हावर. आता त्याच गच्चीवर सौर पॅनल बसवता येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले. ज्यांना वातानुकूलन यंत्राशिवाय भागत नाही त्यांनी ते अठरावर न ठेवता चोविसावर ठेवावे. एका अंशाला सुमारे सहा टक्के वीज वाचते असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाचे सांगणे आहे. आणि जळगावला एकट्याने मोटार घेऊन जाण्यापूर्वी आपले गाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर आहे, हे आठवावे. आपली लाडकी ‘पी. जे.’ २०२० पासून थांबली ती थांबलीच. जामनेरकडच्या मंडळींना तिची किंमत ती बंद झाल्यावर कळली.

भगिनींच्या वतीने एक तक्रार मीच मांडतो. पर्यावरणाच्या नावाने जी कामे निघतात, म्हणजे ओला-सुका कचरा वेगळा करणे, पिशव्या शिवणे, बादल्या भरणे, ती सगळी घरातील बाईच्या अंगावर पडतात. पुरुष मेळाव्यात टाळ्या वाजवतात आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने बाजारात जाऊन चार प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन येतात. पिशवीचे काम पुरुषांचे, असे ठरवून टाकावे. जुन्या पँटच्या कापडाची पिशवी घडी करून खिशात मावते. स्कूटरच्या डिकीत दुसरी. कचऱ्याचा डबा घंटागाडीपर्यंत मुलाने न्यावा. कपडे जपून वापरण्याविषयी मात्र भगिनींना आपण शिकवू नये. जुन्या लुगड्याची गोधडी आणि उरलेल्या कपड्यांवर बोहारणीकडून पातेले मिळवणारी ही परंपरा आहे. तिला घासाघीस कशी करावी हे कोणत्याही परिषदेने शिकवलेले नाही.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी मुख्यतः आलो, ती सांगतो. ती आहे पंगत.

आपला जिल्हा केळीचा. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. थंडीत शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात. वांगी भाजायची कपाशीच्या वाळलेल्या काट्यांवर, भरीत ठेचायचे लाकडी बडजीत, पुऱ्या, कांद्याची पात, सगळे अस्सल. आणि वाढायचे कशात? आतून प्लॅस्टिकचा थर लावलेल्या कागदी ताटात! बाजूला केळीची बाग उभी असताना. दुसऱ्या दिवशी बांधावर ताटांचा आणि पेल्यांचा ढीग. वाऱ्याने ते पाटात जातात किंवा कोणी काडी लावतो आणि तो काळा धूर शेजारच्या वस्तीवर जातो. लग्नाचे तर विचारू नका. पाचशे पाने म्हणजे पाचशे ताटे, त्याच्या तिप्पट वाट्या, आणि पाण्याच्या अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या. टंचाईच्या तालुक्यात विकत घेतलेले पाणी अर्धे टाकून उठणे, हे आपल्या आजोबांनी पाहिले असते तर काय म्हणाले असते?

पूर्वी गावात समाजाची भांडी असत. मोठी पातेली, पराती, ताटे, वाट्या, तांबे. कोणाकडेही कार्य निघाले की वहीत नोंद करून ती न्यायची, घासून मोजून परत द्यायची. एखादी वाटी हरवली तर भरून द्यायची. गरिबाच्या आणि श्रीमंताच्या पंगतीत ताट तेच. मंडप-भांडी भाड्याने मिळू लागली, मग फेकायची ताटे आली, आणि ती भांडी कुठे गेली कोणास ठाऊक. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभासाठी पर्यावरण गतिविधीने ‘एक थाळी, एक थैला’ अभियान चालवले. देशभरातील घरांतून स्टीलची ताटे आणि कापडी पिशव्या गोळा करून त्या तेथे पोहोचवल्या. आपल्यापैकी अनेकांनी त्यात ताट दिले असेल. प्रयागला ताट पाठवणाऱ्या पाचोऱ्यात पाचोऱ्याचे स्वतःचे ताट का नसावे?

खर्च फार नाही. पन्नास घरांनी प्रत्येकी पाच ताटे, दहा वाट्या आणि पाच पेले दिले, की अडीचशे पानांची सोय झाली. नवी कशाला, लग्नात आहेर म्हणून आलेली आणि माळ्यावर खोक्यात पडलेली आहेत ती काढावीत. घासायला माणसे लागतील, तर ती मजुरी फेकायच्या ताटांच्या वाचलेल्या पैशांतून द्यावी. गावातील चार हातांना काम मिळेल. राखेने किंवा साबणाने, पण साठवलेल्या बादलीत घासावीत. नळ सोडून नाही. उष्टे अन्न वेगळ्या पिंपात, गोठ्याकडे किंवा खतखड्ड्याकडे. जेथे ताटे पुरणार नाहीत तेथे केळीचे पान आहे, पळसाची पत्रावळ आहे. ती गुरांपुढे किंवा खड्ड्यात गेली की विषय संपला.

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होईल. त्याआधी आपल्यापैकी ज्यांना हे पटले असेल त्यांनी आज जेवणानंतर दहा मिनिटे थांबावे. वही मी आणली आहे. कोण किती ताटे देणार, ती ठेवायची खोली कोणाची, पहिले कार्य कोणाकडे आहे आणि किल्ली कोणाकडे राहील, एवढे ठरवू आणि मग उठू.